न दिसणारा उजेड

१९९८ चा मे. विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या तळघरात आम्रपाली आणि तिचे मार्गदर्शक जयराज सर सहा वर्षं एकाच प्रयोगासाठी झटत होते. काचेच्या निर्वात कुपीत रुबिडियमचे अणू लेसरनं इतके थंड करायचे की ते जागच्या जागी थबकावेत. मग त्यांच्यातून आणखी दोन लेसर सोडायचे. पहिल्याचा उजेड अणू गिळतात. पण दुसरा नेमका त्याच्या सुरात लागला, की तेच अणू पहिल्याला मुकाट वाट देतात. ती वाट त्यांना मोजायची होती.

हा उजेड डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. आम्रपालीला त्याचीच धास्ती: डोळा भाजला तरी लगेच कळायचं नाही. त्या सकाळी असा उजेड पडला की चमकणारं तपासणीचं कार्ड फिरवताना कुपीच्या काचेवरून उलटलेला एक झोत तिला भलतीकडेच जाताना सापडला.

"सर, थांबा. तो झोत आधी अडवू. आणि लेसरचा संरक्षक चष्मा घाला."

"चष्म्यातनं काय दिसत न्हाई गं. आत्ता कुठं लेसर स्थिर झालाय. पाच मिनिटं."

तेवढ्यात मोजणीच्या यंत्राच्या पडद्यावरच्या रेघेतून सुईसारखं टोक वर आलं; अणूंनी वाट दिली होती.

"आलं! आलं की गं!" सर ओरडले आणि आरशाचा स्क्रू फिरवायला वाकले. ताठ झाले तेव्हा आवाज उतरला होता.

"आम्रपाली, पडदा पूस. मधोमध डाग पडलाय."

पडदा स्वच्छ होता.

"उजवा डोळा झाका, सर."

त्यांनी झाकला. पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"आता न्हाई डाग," ते म्हणाले. "कुणाला सांगू नको. आकडे तेवढे उतरून घे."

ते टोक अजून उभं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा. आम्रपालीनं किल्ली फिरवून लेसर बंद केले.

"काय केलंस हे!"

"रिक्षा आणते."

डॉक्टर म्हणाले, "डोळ्याचा आतला पडदा मधोमध भाजलाय. ती नजर परत येईल असं धरून चालू नका."

प्राचार्यांनी तिला बोलावून सुचवलं, "सरांना मधुमेह आहेच. डोळा त्यानंच गेला, असं अहवालात लिहा." तिनं घडलं तेच लिहिलं, अडवायचा राहिलेला झोतही. सरांनी वाचून खाली सही केली. प्रयोगशाळेला कुलूप लागलं.

"रोज उठल्याबरोबर उजवा झाकतो," सर तिला म्हणाले, "आन् डाव्यानं भिंतीकडं बघतो. त्यातबी डाग हाय का ते."