घरटी एक भारा

वसईजवळच्या भुईगावात, आमच्या आळीत, मुलीचं लग्न निघालं की घरटी एक भारा लाकूड पोचतं. कोणी मागत नाही. भारा आला म्हणजे त्या घराला लग्न मान्य आहे, नाही आला तर समजून जायचं. केळीची वाडी असलेल्या तुळशीदास राऊतांची प्रेमलता तेवीस वर्षांची झाली, तरी त्यांच्या दारात कोणी काटकी टाकली नव्हती. पोरगी लग्नाचं नाव काढत नव्हती, आणि वर जुहूच्या फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकत होती.

"ढगात केळी विकणार काय गो?" असं तिला एस.टी.च्या थांब्यावर विचारायचे. सख्खी आत्या आनंदीबाई तर उघड म्हणायची, "उडू दे. पडली की कळेल."

ही माणसं दर एकादशीला भजनाला बसतात आणि डोळे मिटून टाळ कुटतात.

क्लबातही तिला कोणी जवळचं नव्हतं. तिथली पोरं मोटारीतून येत. त्यांचे बाप धंद्याचं बोलत आणि पोरं बापांच्या धंद्याचं. प्रेमलता पार्ल्याला एका म्हातारीकडे खोली घेऊन राहायची, डबा हँगरच्या मागे बसून खायची आणि हवामानाच्या पुस्तकातल्या ओळी स्वतःशीच मोठ्याने म्हणायची. ऐकायला दुसरं होतं कोण?

अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात तिच्या शिक्षकाने, थॉमस सरांनी, तिला वसईच्या किनाऱ्यापर्यंत एकटीने जायची परवानगी दिली. ती घरी सांगून आली.

"बाबा, रविवारी सकाळी वाडीवरून दोन फेऱ्या मारीन. पंख हलवीन."

"वरून आपली वाडी वळखशील कशी? सगळं हिरवंच."

"थोडा धूर करा. जागाही कळेल, वाराही कळेल."

"थोडा" हा शब्द तुळशीदासाने ऐकला. पण बाप तो. त्याने आळीत सांगितलं. आणि शनिवारी संध्याकाळी, जे इतक्या वर्षांत झालं नव्हतं ते झालं. भारे आले. माडाच्या झावळ्या, नारळाची सोडणं, केळीची अर्धी ओली सोपटं. आनंदीबाई स्वतः डोक्यावर भारा घेऊन आली आणि अंगणात दणकन टाकून म्हणाली, "भावाच्या पोरीचं विमान हाय. कमी पडायला नको."

तुळशीदास अंधार पडेपर्यंत त्या ढिगाभोवती फिरत होता. त्याला कोणी एवढं दिलं नव्हतं.

प्रेमलताला यातलं काहीच माहीत नव्हतं. सकाळी थॉमस सर तिला बजावत होते, "तापमान आणि दवबिंदू बघ. जवळजवळ आलेत. वारा नाही. धुकं धरेल."

"ऊन वर आलं की विरेल, सर."

"विरेल तेव्हा विरेल. हवा तुझ्या बापाची नोकर नाही. किनारा दिसेनासा झाला की वळायचं. हिरोगिरी करायची नाही."

क्लबचं शिकाऊ 'पुष्पक' विमान कापडी पंखांचं, छोटं. शेजारची खुर्ची रिकामी. खाडी ओलांडली, मिठागरं चकाकली, किल्ला मागे पडला. इथवर सगळं नकाशासारखं स्वच्छ होतं. मग समोरचा किनाराच संपला.

थंडीच्या रात्री जमीन निवते आणि तिला लागून असलेली हवाही निवते. वरची हवा मात्र उबदार राहते. ती झाकणासारखी बसते. खालून धूर चढतो, त्या झाकणाला टेकतो आणि आडवा पसरतो. ही ओळ प्रेमलताने हँगरमागे शंभरदा म्हटली होती. आता ती पापडीपासून पार वटारपर्यंत राखाडी चादर होऊन पसरलेली तिला दिसत होती. खाली धुकं, वर धूर. मधोमध पिवळट धुराचा एक जाड खांब उभा राहून वाकला होता.

तिने ओळखलं. तेच घर. आणि एवढा धूर एका घराचा नसतो, हेही तिने ओळखलं. अख्खी आळी आली होती.

तिचा हात थांबेना. तिने इंजिन मंद केलं, नाक खाली केलं. सरळ खाली बघितलं तर माडांचे शेंडे दिसत होते. फसवणूक तीच. वरून खाली बघताना थर पातळ लागतो. आत उतरलं की समोर बघावं लागतं, आणि समोर तोच थर मैलभर जाड. त्यात माड उभे असतात, आणि ते कोणासाठी बाजूला होत नाहीत.

उंचीचा काटा उतरत होता. काचेबाहेरचं क्षितिज दिसेनासं झालं. विमानात जळक्या केळीच्या सोपटांचा वास भरला. कुठेतरी खाली तिची माणसं मान वर करून उभी होती, पहिल्यांदाच, तिच्यासाठी. अजून थोडं खाली. अजून थोडं.

"नाय," ती मोठ्याने म्हणाली. इंजिन पूर्ण ताकदीने लावलं, नाक वर केलं आणि समुद्राकडे वळली.

पाण्यावर लखलखीत ऊन होतं. तिथे ती फेऱ्या मारत राहिली. पेट्रोलचा काटा परवानगी देत होता तोवर थांबली. चादर विरली नाही.

खाली लोकांचे डोळे झोंबत होते. आवाज आला तेव्हा तुळशीदास ओरडला, "आली!"

"कुठाय?"

"सांताक्रूझचं मोठं असेल ते."

आवाज गेला.

जुहूला थॉमस सरांनी विचारलं, "वळलीस?"

"वळले."

"बरं केलंस." आणि ते दुसऱ्या पोराकडे गेले. न पडलेल्या विमानाचं कोणाला काय?

दुपारी ती घरी पोचली. माणसं अजून अंगणात होती. बापाने तिला दारातच अडवलं आणि हळूच म्हणाला, "इंजिन बिघडलं म्हण. इंजिनातलं कोनाला काय कळतंय?"

"आलीस?" आनंदीबाईने तिकडून हाक मारली. "आमी डोळे जाळून घेतले."

खोटं एका वाक्याचं होतं. सगळ्यांना पचलं असतं.

"आत्या, मी आले होते. वाडीवरच होते. धूर फार झाला. वर न जाता पसरला. उतरले असते तर माडात घुसले असते."

"म्हंजे चूक आमच्या भाऱ्यांची?"

"चूक कोणाची नाय. हवा तशी होती."

"ऐकलंत? आमच्या लाकडाने हिचं विमान अडलं!"

"विमान व्हतं का पन?" शेजारचा शत्रुघ्न म्हणाला. "कोनी पायलं?"

हशा झाला. मग माणसं उठली. आनंदीबाईचा भारा अर्धा जळायचा राहिला होता. तो तिने डोक्यावर घेतला आणि नेला.

अंगणात दोघंच उरली. तुळशीदास राखेवर पाणी मारत होता. पाठमोरा असतानाच त्याने विचारलं, "आमी दिसलो काय गो तुला? एकदा तरी?"

त्याला "हो" हवं होतं. तेवढंच हवं होतं.

"नाय, बाबा."

"बरं," तो म्हणाला आणि बादली घेऊन विहिरीकडे गेला. परत अंगणात आला नाही, तिकडेच केळींना पाणी घालत राहिला.

ती पडवीत बसली. चुलीजवळ झाकून ठेवलेली तांदळाची भाकरी गार होऊन चिवट झाली होती. तिने ती सगळी खाल्ली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.