वाचा फुटली तेव्हा

कृष्णाकाठचे धुके ओलांडून माघातली केशरवर्णी किरणे मिरजेतल्या त्या रुग्णालयाच्या शुभ्र भिंतीवर विसावली होती.

खिडकीशी हेरंबराव बसले होते, मौनमग्न, शिलावत. एकेकाळचे विख्यात वक्ते. त्यांच्या वाणीच्या विद्युल्लतेने सभा दिपत. आणि तीच वीज घरी पत्नीवर, मालिनीबाईंवर, कोसळे. वर्षानुवर्षे कोसळे.

मग मेंदूतली एक रक्तवाहिनी अडली, आणि शब्दांचा तो प्रपात आटला.

त्या निःशब्दतेत मालिनीबाईंना प्रथमच निराळा पुरुष भेटला. घास भरवताना तो डोळे भरून पाही. सांजवेळी त्यांचा हात हाती धरून ठेवी. करुणार्द्र, शांत, आपला. उत्तरवयात उमललेले ते सुख त्या श्वास रोखून जपत राहिल्या.

तरीही मालिनीबाईंनीच हेरंबरावांना इथे आणले. नवरा मुकाच बरा, या विचाराची त्यांना लाज वाटली होती.

"डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो," डॉक्टर ऋता बेडेकर म्हणाल्या होत्या. "तो नुसता तोल सांभाळत नाही, शब्दांच्या जुळणीलाही हातभार लावतो. तिथे सौम्य विद्युतप्रवाह देऊ, सोबत बोलण्याचा सराव. उपचार नवा आहे. खात्री नाही देत."

डोक्यामागे प्रवाह देणारी ओलसर पट्टी, समोर सरावाची चित्रे. दिवस सरले. एके सकाळी ओठ थरथरले. "खि... खिडकी." मग "पाणी." मग "दिवा." शब्द आले, एकेक, भेदरल्या पाखरांसारखे. मालिनीबाई आनंदाने रडल्या.

आज मालिनीबाईंनी चहाचा पेला हेरंबरावांच्या ओठांशी नेला. थेंबभर चहा सदऱ्यावर सांडला. हेरंबरावांची भुवई चढली, जुनी, ओळखीची.

"तुला... साधा चहा... पाजता येत नाही? मूर्ख बाई!"

"पूर्ण वाक्य!" सरावासाठी आलेल्या डॉक्टरांनी टाळी वाजवली. मग मालिनीबाईंचा चेहरा पाहून त्यांचे हात खाली आले. "उपचार... थांबवू का?"

"नको हो. शब्द त्यांचे आहेत, सगळे परत द्या त्यांना." मालिनीबाईंनी पेला खाली ठेवला. "ऐकायला मात्र दुसरं कुणी बघा. मी बहिणीकडे चालले, नाशिकला."

त्या दाराबाहेर पडल्या. हेरंबरावांना हाक मारायची होती. ओठ हलले, हलत राहिले. पत्नीचे नाव काही केल्या सापडेना.

बाहेर ऊन चढले होते. अंगणातला शेवगा पांढरी फुले ढाळत होता. निमूट, एकामागून एक, तापल्या फरशीवर.