राजानंद एकटा गेल्ता

राजानंदचा शेवटचा संदेश येऊन नऊ दिवस झाले होते. कुंभार पिंपळगावच्या शाळेत शिकवणारी त्याची थोरली बहीण शिवकन्या रोज संध्याकाळी त्यानं उपग्रहफोनवरून कळवलेले अक्षांश-रेखांश वहीत उतरवायची. शेवटचे आकडे मॉरिशसच्या अलीकडचे होते.

नौदलातून निवृत्त झाल्यावर त्यानं एक जुनी शिडाची होडी स्वतः दुरुस्त केली होती. त्याच होडीतून तो एकदा एकटाच गोव्याहून आफ्रिकेला जाऊन आल्ता. पेपरात एक ओळही आली नाही. गावात लोक म्हणायचे, कुठंतरी बोटीवर कामाला आहे. आता ही दुसरी सफर.

शिवकन्यानं सागरी बचाव केंद्राचा नंबर शोधून फोन लावला.

"कोणत्या शर्यतीत आहेत ते?" तिकडून विचारलं.

"शर्यत न्हाई साहेब. एकटाच गेलाय."

"मग आमच्या यादीत नाव नसेल."

"यादीत न्हाई म्हणून माणूस पाण्यात न्हाई का?" तिचा आवाज फाटला. "मी सांगते, तुम्ही लिहून घ्या. जल्दी."

तिनं एकतीस दिवसांचे आकडे वाचले. अधिकारी आधी नुसतं हं हं करत होता. मग म्हणाला, "ताई, शेवटचे तीन परत सांगा."

दोन दिवस तिनं फोन हातात धरूनच वर्ग घेतले. घरी कांताबाईंनी, तिच्या आईनं, भाकरीला हात लावला नाही. "दिवसदिवस विहिरीत पोहायचा तो," एवढंच म्हणत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी एका मालवाहू जहाजाला होडी सापडली. डोलकाठी मोडलेली. आत कुणी नाही. आणखी पाच दिवसांनी बचाव केंद्रानं शोध थांबवला.

पोलीस ठाण्यात हवालदारानं बेपत्ता असल्याचा अर्ज भरायला घेतला. "व्यवसाय? निवृत्त लिहू?"

"दर्यावर्दी लिहा. एकट्यानं समुद्र ओलांडणारा."

"रकान्यात एवढं बसत न्हाई, मॅडम."

"मंग कडेला लिहा. पण लिहा."

तिच्याकडे बघून त्यानं अर्ज आडवा धरला आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं. तिनं ते दोनदा वाचून सही केली.

बाहेर बाकावर कांताबाई बसल्या होत्या. होडी रिकामी सापडल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. "काय म्हणले? निघाला का तो तिकून?"

 शिवकन्या आईजवळ बसली.