शेवटची मूठ

मी एक मूठ बोलतेय. तलवारीची वगैरे नव्हे हं! कपाटाचा खण ओढायला असते ना, ती साधी लाकडी मूठ. हल्ली लोक मला नॉब म्हणतात. म्हणोत बापडे. लिंबाएवढा माझा जीव, पण माझ्या मालकाचा केसाने गळा कापलेला मी पाहिलाय, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म एका मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. शिसवीचा उरलेला तुकडा त्याने लेथवर चढवला. यंत्र घरघर फिरायला लागलं, पटाशी टेकली, भुसा उडाला आणि मी गोल गरगरीत होऊन बाहेर पडले. ते यंत्र म्हणजे माझी आईच. त्याच दिवशी माझ्या अकरा बहिणीही जन्मल्या. आम्ही सगळ्या एकाच कपाटासाठी होतो.

मिस्त्रीचा एक नियम होता, त्याच्या उस्तादाने घालून दिलेला. काम सगळं पुरं करायचं, पण शेवटची एक मूठ खिशात ठेवायची. बिल चुकतं झालं की ती बसवायची, घोटभर पाणी प्यायचं आणि निघायचं. उस्ताद म्हणायचा, "एक मूठ नसली की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत सलतं बघ. मग पैशासाठी आपल्याला चपला झिजवाव्या लागत नाहीत." त्या खेपेला खिशात राहायचा मान मला मिळाला. पेन्सिलीचं थोटूक, चष्मा आणि मी, असा आमचा संसार.

गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांना पुस्तकांसाठी भिंतभर कपाट हवं होतं, खाली बारा खणांचं. सरांच्या तोंडात साखर नुसती! "मिस्त्री, तुम्ही सुतार नाही हो, कलावंत आहात." असं म्हटलं की मिस्त्रीची छाती फुगायची आणि खिशात माझा जीव गुदमरायचा.

कपाटाचं लाकूड उधारीवर आणलेलं होतं. वखारवाला पक्का व्यवहारी. त्याने बदल्यात लेथ लिहून घेतलं होतं. "महिन्याभरात पैसे आले नाहीत तर यंत्र माझं." मिस्त्री हसला. "एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाचं काम आहे, बुडतंय कुठं?"

काम संपलं त्या दुपारी सरांनी चष्मा पुसत कपाट न्याहाळलं.

"मिस्त्री, या एका खणाला मूठ नाही."

"आहे की सर, खिशात आहे. बिल झालं की बसवतो. आमची रीत आहे तशी."

"अहो, उद्या माझे जुने विद्यार्थी येताहेत घरी. दात पडल्यासारखं दिसतंय ते! पैसे काय, सोमवारी या नि घेऊन जा. का माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

झालं! मिस्त्री ओशाळला. त्याचा हात खिशात आला तेव्हा मी मनातल्या मनात ओरडत होते, अरे नको रे, उस्तादाचा शब्द मोडू नकोस! पण मुठीचं ऐकतो कोण? दोन मिनिटांत त्याने मला स्क्रूने आवळलं आणि वर फडक्याने पुसलंसुद्धा.

पहिल्या सोमवारी सरांचं चेकबुक सापडेना. दुसऱ्या सोमवारी सरांच्या बायकोने दारातूनच सांगितलं, "ते बाहेर गेलेत हो." बाहेर कसले! माझ्यासमोर आरामखुर्चीत पाय पसरून पेपर वाचत होते. मिस्त्रीच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला, तसं त्यांनी पान उलटलं.

"देऊन टाका ना त्या बिचाऱ्याचे," बाई म्हणाल्या. "हातावर पोट आहे त्याचं."

"तुला नाही कळायचं. असे मागितल्या मागितल्या पैसे दिले की ही माणसं डोक्यावर बसतात."

गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

तिसऱ्या सोमवारी सकाळी सर उठले आणि माझ्या वरचा खण त्यांनी आख्खा बाहेर काढला. मला वाटलं, चेकबुक शोधताहेत. पण त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलला. मिस्त्रीचं बिलच होतं ते, त्याच्या बायकोच्या ठसठशीत अक्षरातलं. त्याची घडीवर घडी घातली, हात आत घालून ती माझ्या खणाच्या कडेला कोंबली आणि फूटपट्टीने ठोकून घट्ट बसवली. मग वरचा खण जागच्या जागी लावून हात धुतले. मी सगळं बघितलं. माझ्या गुळगुळीत अंगाला साधं कुसळही नाही, नाहीतर त्यांच्या बोटात घुसवलं असतं.

मिस्त्री आला तेव्हा घरात शेजारी बसले होते. सरांनी मुद्दामच बोलावले असणार. "या मिस्त्री, हा खण उघडून दाखवा बरं."

मिस्त्रीने मला धरलं. ती ऊब मी लगेच ओळखली. त्याने ओढलं, मी हलले नाही. त्याने पुन्हा ओढलं. शेजाऱ्यांपैकी कोणीतरी हसलं. ज्याने मला घडवलं, त्याच्याच विरुद्ध माझी साक्ष काढली होती, आणि मला तोंड नव्हतं!

"लाकूड फुगलं असेल, सर," मिस्त्री पुटपुटला. "मी आत्ता खण काढून रंधा मारून..."

"हात लावू नका! आणखी बिघडवाल. असल्या कामाचे पैसे मागता, लाज नाही वाटत?"

आणि माझा वेडा मिस्त्री काय म्हणाला ठाऊक आहे? "चुकलं माझं, सर." हात जोडले त्याने! तीस वर्षांत त्याच्या कामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. त्या दिवशी त्यानेच स्वतःच्या कामाला ठेवलं.

वखारवाल्याची महिन्याची मुदत उलटली. चार-आठ दिवसांनी एका सकाळी मिस्त्री पुन्हा आला. आवाज खोल गेलेला.

"सर, लेथ नेलं वखारवाल्याने. आता पैसे मागायला आलो नाही. माझ्या हातून खराब काम झालं, त्याचे पैसे नकोत मला. पण ती शेवटची मूठ तेवढी परत द्या. त्या यंत्रावरचं माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही."

सर तोंडभर हसले. बिनपैशाचं कपाट मिळत होतं, का नाही हसणार? "घ्या की! मूठच ना? खुशाल घ्या."

आता गंमत अशी, की मुठीचा स्क्रू आतून असतो. मला काढायचं तर खणात हात घालायला हवा, आणि खण तर अडकलेला. हे मिस्त्रीला कळतं, सरांना कुठलं कळायला? त्याने वरचा खण बाहेर काढला. सरांचं हसू तिथंच विरलं. "राहू द्या, राहू द्या, मीच काढून पाठवतो," म्हणत ते पुढे झाले, पण मिस्त्रीचा हात आत गेला होता. त्याच्या बोटांना घडी लागली.

त्याने ती उलगडली. बायकोचं अक्षर. मग खण बोटाने ढकलला. तो लोण्यासारखा बाहेर आला, आत गेला.

"म्हणजे काम चोख होतं," मिस्त्री म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "सर, पैसे बुडवले असतेत तरी मी विसरलो असतो. पण इतके दिवस मला माझ्याच हातांची लाज वाटत होती हो."

सरांनी पेपर उचलून तोंडासमोर धरला. बाई दारात उभ्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. मिस्त्रीने मला सोडवलं, बिल सरांच्या टेबलावर सरळ करून ठेवलं आणि जिना उतरला.

आज मी पुन्हा त्याच्या खिशात आहे. तो आता दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर रंधा मारतो. तिथं शेवटची मूठ राखायचा हक्क त्याला नाही. परवा एकाने त्याला विचारलं, "काय हो, तुम्ही म्हणे सरांचं कपाट अर्धवट टाकून पळालात? ते सगळ्यांना दाखवतात, खणाला मूठसुद्धा लावली नाही म्हणून." मिस्त्रीने खिशात हात घालून मला घट्ट धरलं.

तो बोलणार नाही, म्हणून मी बोलले. कधी कोणाकडे भिंतभर कपाट दिसलं, बारा खण आणि मुठी अकराच, तर कारागिराला नावं ठेवू नका. ते काम पुरं झालेलं आहे. खात्री करायची असेल तर तो बिनमुठीचा खण खालून बोट घालून ओढून बघा. अलगद उघडतो तो.