‘आत्याबाई, मी’ याच्या पुढचं

दैवशालाला एवढा राग यायचं कारण म्हणजे, आजपर्यंत तिला कुणी एक वाक्य पुरं बोलू दिलं नव्हतं.

ती राहते कुठं ते आधी सांगायला पाहिजे, न्हाईतर घोटाळा व्हायचा. ‘कारभारी आणि मंडळी’ नावाचं एक विनोदी कार्टून आहे, दर आठवड्याला नवा भाग येतो. त्यातला कारभारी जुन्या जालन्यात एका अरुंद गल्लीत राहतो, आडतीवर काम करतो, घरी आला की बनियनवर सोफ्यात पसरतो आणि बायकोची, प्रीतीची, टर उडवतो. त्याच्या घरात एक टीव्ही आहे. त्या टीव्हीवर ‘सासर घनसावंगी’ नावाची मालिका लागते, आणि त्या मालिकेतली सून म्हणजे दैवशाला. कार्टूनमधल्या टीव्हीतलं कार्टून म्हणा ना. लोक कारभारीला बघून हसतात, कारभारी दैवशालाला बघून हसतो. तिच्या खाली आणखी कुणीच न्हाई, मंग तिनं कुणाला हसायचं?

दर भागात तिचं काम ठरलेलं. चुलीपुढं बसायचं. सासू तुळजाबाई ताट घेऊन तरातरा येणार, ‘पिठलं खारट केलंया, अवदसे!’ म्हणून ओरडणार आणि ताट भिरकावणार. सगळं पिठलं दैवशालाच्या तोंडावर. मंग दैवशाला पदरानं डोळे पुसते, मान वर करते आणि म्हणते, ‘आत्याबाई, मी’. बस, तेवढ्यात कारभारी रिमोट उचलतो, ‘आली बघ रडकी’ म्हणतो आणि क्रिकेट लावतो. पाठीमागून हसण्याचा आवाज सोडतात. झालं दैवशालाचं काम.

रडकी म्हणे. ती कधी रडली? रडायला तरी तिला यानं येळ दिला का? डोळ्यात पिठलं गेल्यावर कुणीबी डोळे पुसेल. कारभारीच्या डोळ्यात एकदा मूठभर बेसन टाकून बघा म्हणावं, मंग कळेल रडका कोण आहे.

चॅनल बदललं की टीव्हीच्या आतला उजेड जायचा आणि सासू-सून दोघी ओट्यावर येऊन बसायच्या. हो, दोघी मिळून. तुळजाबाई स्वभावानं वाईट बाई न्हाई. ताट फेकून फेकून तिचा खांदा दुखून राह्यलेला असायचा आणि दैवशाला तो चोळून द्यायची. तुळजाबाई दर वेळी पुटपुटायची की बाई, जोरात तर न्हाई लागलं. आणि दैवशाला म्हणायची, लागू द्या, तुमचा काय दोष.

मंग दोघी मिळून ज्यानं हे काढलं त्याचा उद्धार करायच्या. उद्धार करण्यासारखंच होतं. पाठीमागं एसटी उभी होती, तिच्या पाटीवर ‘घनसांगवी’ लिहिलेलं. ज्या गावात मालिका घडते त्या गावाचं नाव तरी बराबर लिहावं की न्हाई माणसानं? कुणाला विचारलं असतं तर कुणीबी सांगितलं असतं. आणि ते ‘केलंया’! तुळजाबाईला त्या ‘केलंया’ची लाज वाटायची. ती म्हणायची, अशी बोली इकडं कुणाच्या तोंडात आहे, हे कुठून उचलून आणलं, माझ्या माहेरी ऐकलं तर काय म्हणतील. विहीर काढलेली होती, तिला नुसता काठ, पाणी न्हाई. म्हशीचं पुढचं अर्धंच अंग, कारण मागचं अर्धं टीव्हीच्या बाहेर जातं. आणि दैवशालाचा नवरा दारात पाठमोरा उभा. तो कधी वळून बघत न्हाई. बघणार कसा, त्याला तोंडच काढलेलं न्हाई. एवढा तमाशा घरात चाललाय आणि हा दाराच्या चौकटीला हात लावून शेताकडं बघतोय, ऊस मोजतो का काय कुणास ठाऊक.

हे सगळं दैवशाला सोसत होती ते एका गोष्टीच्या भरवशावर. तिचं वाक्य.

त्यांच्या जगात कुणाला बोलायचं पाठ करावं लागत न्हाई. येळ आली की शब्द आपोआप जिभेवर येतात. तुळजाबाई ताट उचलते तसं ते ‘खारट केलंया’ तिच्या तोंडात येऊनच बसतं, नको म्हटलं तरी. तसंच ‘आत्याबाई, मी’ येतं. म्हणजे त्याच्या पुढचंही कुठंतरी असणारच. कारभारीनं एकदा, फक्त एकदा हात आवरला की ते बाहेर येईल आणि एका झटक्यात सगळ्यांचा हिशेब होईल, असं दैवशालाला पक्कं वाटायचं. ओट्यावर बसून ती त्याचा अंदाज करायची. ‘आत्याबाई, मी चालले माझ्या माहेरी’ असेल. ‘आत्याबाई, मी हे ताट पुन्हा झेलणार न्हाई’ असेल. कधी वाटायचं की न्हाई, ते चांगलं लांबलचक असेल, पाऊण पान भरेल असं, ज्यानं कारभारीची बोलती बंद होईल. तुळजाबाई प्रत्येक वाक्य मन लावून ऐकायची आणि म्हणायची, हेच असंल, बराबर हेच असंल.

आणि मंग तो भाग आला.

त्या भागातला विनोद असा होता की कारभारीचा रिमोट हरवतो. दुपारचं जेवण करून तो सोफ्यात बसला, टीव्ही चालूच होता. ताट आलं, पिठलं उडालं, दैवशालानं डोळे पुसले, मान वर केली आणि म्हणाली, ‘आत्याबाई, मी’. कारभारीनं सवयीनं बाजूला हात टाकला. हातात गादीचा कोपरा आला. दुसऱ्या बाजूला चाचपलं, तिकडं पोरीची वही. मंग त्यानं आरडाओरडा सुरू केला की या घरात एक वस्तू जागेवर राहत न्हाई. शालू, त्याची लेक, सोफ्याखाली वाकून बघायला लागली. टीव्हीचं बटन दाबायला सांगावं तर ते त्यानंच मागं एका भागात रागानं आत घुसवून ठेवलेलं. टीव्ही आपला चालूच.

आली येळ. तिनं तोंड उघडलं.

काही आलं न्हाई.

तिनं थोडं थांबून पुन्हा उघडलं. जीभ हलवली, घसा साफ केला. तुळजाबाई रिकामे हात तसेच हवेत धरून उभी होती, आणि ओठ न हलवता बोल ना बाई, बोल ना म्हणून राह्यली होती. दैवशालानं डोळे मिटले आणि सगळं लक्ष जिभेवर आणलं. तिथं पिठल्याची चव होती. दुसरं काही नव्हतं.

तेव्हा तिला समजलं, आणि समजलं तशी ती पायापासून तापत गेली.

“पुढं काहीच न्हाई, आत्याबाई,” ती म्हणाली. “कुणी लिहिलंच न्हाई.”

अरे, पिठल्याचा एक एक थेंब काढायला यांना येळ होता. ताट कसं गिरक्या घेत येतं, पिठलं पदरावर कसं ओघळतं, नाकाच्या शेंड्यावरून कसं टपकतं, ते सगळं हौसेनं केलं. त्यात कसर न्हाई. आणि त्या बाईच्या तोंडात चार शब्द घालायचे तर ते कुणाच्या मनातसुद्धा आलं न्हाई. तिला बोलूच द्यायचं न्हाई हे आधीच ठरलेलं, मंग पुढचं लिहून करायचं काय? इतके दिवस ती त्या कारभारीला शिव्या देत होती की मेल्यानं माझं वाक्य तोडलं. त्यानं काय तोडलं, कपाळ? तोडायला तिथं काही असायला तर पाहिजे. तिला तो उगाच आशेवर घालवलेला सगळा काळ आठवला, ते माहेरी जाण्याचे अंदाज, ते तुळजाबाईचं हेच असंल, आणि तिला असं झालं की चुलीतलं लाकूड घ्यावं आणि ही काच फोडून बाहेर पडावं. लाकूड चुलीला चिकटून काढलेलं होतं. ते निघालं न्हाई.

बाहेर अजून शोधाशोध चालू होती. करायला काही उरलं नव्हतं म्हणून दैवशाला काचेतून तिकडं बघत राहिली. तिनं त्या घराकडं कधी नीट बघितलंच नव्हतं, तिचं सगळं ध्यान त्या रिमोटवाल्या हाताकडं असायचं. आज तिला प्रीती दिसली. प्रीती स्वयंपाकघराच्या दारातून पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, ‘अहो, मी काय म्हणते’. कारभारी तिच्याकडं न बघताच म्हणाला, ‘तू काही म्हणू नको, रिमोट शोध’. पाठीमागून हसण्याचा आवाज आला.

हे तर दर भागात होतं. दैवशाला हे काचेतून पहिल्यापासून ऐकत आली होती आणि तिला ते कधी ऐकू आलं नव्हतं. प्रीतीचंसुद्धा ‘मी काय म्हणते’च्या पुढं एक अक्षर आजपर्यंत बाहेर पडलं नव्हतं. बहुतेक तिचंही कुणी लिहिलेलं नसेल.

प्रीती आत गेली. दारातून आतल्या ओट्यावर एक ताट झाकून ठेवलेलं दिसत होतं. नवरा जेवला होता, पोरगी जेवली होती, ते तिसरं ताट तिचं होतं. तिनं स्वतःसाठी पोळी घ्यायला डबा उघडला आणि तशीच थांबली. डब्यात शेवटच्या पोळीवर रिमोट पडलेला. जेवताना कारभारी एका हातात रिमोट धरून दुसऱ्या हातानं पोळ्या घेत होता, आणि घेता घेता तो डब्यात ठेवून मोकळा झाला होता. घरातली एक वस्तू जागेवर राहत न्हाई म्हणणारा हाच.

प्रीतीनं रिमोट उचलला. डोकं वर केलं तर समोर टीव्ही, आणि टीव्हीत एक बाई, तोंडावर पिठलं, तोंड अर्धवट उघडं, थांबलेली. ती बाई सरळ तिच्याकडंच बघून राह्यली होती. प्रीतीही बघत राहिली. मंग तिनं रिमोट परत डब्यात ठेवला आणि वर झाकण लावलं.

“इथं बी न्हाई,” ती मोठ्यानं म्हणाली.

कारभारी कपाटामागं डोकं खुपसून बडबडत राहिला.

आता कुणी घाई करणारं नव्हतं. दैवशालानं मान वळवली आणि तुळजाबाईकडं बघितलं. म्हातारीचे हात अजून हवेतच होते. माहेरी चालले म्हणावं, तर हिला सोडून जायचं कुठं, आणि ती एसटी तर चुकीच्या गावाची. ते लांबलचक वाक्य म्हणावं, तर ते आपलं नव्हतंच, ते आपण दुसऱ्या कुणाकडून मिळेल म्हणून धरून बसलो होतो. मंग आपलं काय आहे? तिनं पोटातून शोधलं, आणि पोटातच सापडलं. इतका वेळ ते तिथंच होतं. पहिल्या भागापासून तिच्यापुढं जे अन्न आलं ते तोंडावर आलं होतं, तोंडात एक घास गेला नव्हता, आणि ते ना लिहिणाऱ्याला सुचलं, ना बघणाऱ्याला दिसलं, ना दारातल्या त्या पाठीला.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “मी अजून जेवले न्हाई.”

आवाज चढवला न्हाई की डोळे पुसले न्हाईत. तुळजाबाईचे हात खाली आले.

“बस जेवायला,” तुळजाबाई म्हणाली. हे सुद्धा कुणी लिहिलेलं नव्हतं.

कारभारीनं कपाटामागून डोकं काढलं. ही रडकी काय म्हणली, असं त्यानं विचारलं.

“ती जेवली न्हाई म्हणली,” प्रीतीनं सांगितलं. “मी बी न्हाई जेवले.”

कारभारीच्या तोंडात त्याचं ठरलेलं ‘तू काही म्हणू नको’ येऊन बसलं होतं, पण तिचं म्हणून झालं होतं. पाठीमागून हसण्याचा आवाज सोडायची हीच जागा होती. तो आला न्हाई. प्रीतीनं डबा उघडून शेवटची पोळी घेतली, रिमोट घेतला, टीव्हीचा आवाज वाढवला आणि ताट घेऊन टीव्हीपुढं खाली बसली. कारभारीनं हात पुढं केला तेव्हा ती रिमोट मांडीखाली घालून जेवायला लागली होती.

टीव्हीच्या आत टोपल्यात भाकरी होत्या, नुसत्या शोभेसाठी काढलेल्या. तुळजाबाईनं त्यातली एक मोडली. चुलीवरच्या कढईत ताटात वाढून राहिलेलं पिठलं होतं, ते दोघींनी मध्ये घेतलं. दैवशालानं पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि तुळजाबाईकडं बघितलं. तुळजाबाईनं पण घास घेतला, आणि तिची मान खाली गेली.

पिठलं बिलकुल खारट नव्हतं.