स्वस्थ पडलेल्या माणसाची नाडी

मार्गदर्शक मॅडमनी पेन्सिलीने चाळीस आकड्यांखाली एकच रेघ ओढली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"ही माणसं स्वस्थ पडली होती म्हणतेस? मिनिटाला सरासरी अठ्ठ्याऐंशी ठोके? जिने चढून आली होती की काय?"

"नाही मॅडम, दहा-दहा मिनिटं आडवी होती. मी स्वतः घड्याळ लावून..."

"मग कारण शोध. तोवर सही मिळणार नाही."

मॅडमचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. माणूस निवांत असताना नाडी किती आणि श्रमानंतर ती किती वाढते, यावर प्रबंधाचा सगळा डोलारा उभा होता. पहिलाच आकडा खोटा निघाला तर पुढची दोनशे पानं कुचकामी. मुदत महिनाअखेरची. आणि घरी आईला तर तिने रविवारीच ठणकावून सांगितलं होतं, "झालं गं माझं, फक्त बांधणीला द्यायचंय."

प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगरी म्हणत. हे नाव मामांनी ठेवलेलं. मामा म्हणजे तीस वर्षं तिथली यंत्रं सांभाळणारे तंत्रज्ञ. आज तर ती नावाला जागत होती. तिने वायरी बदलल्या, नाडी मोजायला बोटाला लावायचा चिमटा बदलला, खिडकी उघडली, परत लावली, पंख्यालासुद्धा दोन शब्द सुनावले. चिमटा स्वतःच्या बोटाला लावून पाहिला, तर एकशे चार!

"अगं, किती हात धुऊन लागशील त्या यंत्राच्या मागे? ठणठणीत आहे ते," मामा म्हणाले. "कुणाला तरी नव्याने झोपवून बघ."

"कुणाला? वर्गातली सगळी झाली एकदा. आता मला बघितलं की पळतात."

एवढं बोलून ती यंत्राची पुस्तिका शोधायला तरातरा ग्रंथालयात गेली. पुस्तिकेत काही मिळालं नाही. परत आली तेव्हा आतल्या खोलीच्या दारावरचा दिवा लागलेला होता. म्हणजे मामांनी कुणाला तरी पकडलं होतं. तिने नेहमीसारखा नोंदीचा कागद उचलला, घड्याळ पाहिलं आणि दार ढकललं.

"घाबरू नका हं, फक्त दोनच मिनि... आई? तू इथे कशी?"

"चष्मा विसरलीस ना टेबलावर. द्यायला आले, तर या मामांनी संमतीची सही घेतली आणि झोपवलंच मला," आई हसत म्हणाली. बोटाला चिमटा होता.

मामांनी तिला यंत्राच्या पडद्याजवळ बोलावलं. पडदा आईच्या डोक्यामागे होता, आईला दिसत नव्हता.

"मी आपलं सुरुवातीपासून चालू ठेवलं होतं," ते हळूच म्हणाले. "ही बघ नऊ मिनिटं. बहात्तर, एकाहत्तर, बहात्तर. आणि इथे तू दार उघडलंस."

एक्याण्णव.

ती बघतच राहिली. ती स्वतः दहा मिनिटं झाल्यावर आत यायची आणि मगच नोंदीचं बटण दाबायची. चाळीस वेळा तिने तसंच केलं होतं. आधीच्या शांत मिनिटांची नोंद कुठेच नव्हती.

"आई आहे ती, मामा. तिचं धरू नका."

"माझं धर मग. तू वाकून 'घाबरू नका हं' म्हणालीस की, तीस वर्षं इथे काढलेला माणूस मी, मलाही धस्स होतं." मामांनी तिच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि चहाच्या निमित्ताने ते बाहेर सटकले.

"काय गं, काही बिनसलं का?" आईने विचारलं.

"छे. सांगितलं ना, झालंच आहे माझं."

"बरं झालं बाई." आईचा चेहरा अगदी शांत होता. पडद्यावर मात्र सत्त्याण्णव.

घरी रोज हेच बोलणं व्हायचं, याच शब्दांत. तिथे पडदा नव्हता एवढंच. ती स्टूल ओढून बसली.

"आई, नाही झालं. चाळीसच्या चाळीस आकडे पुन्हा घ्यावे लागणार. चूक माझीच आहे. मुदत वाढवून मागायची, म्हणजे आणखी वर्ष जाईल."

"वर्ष?"

"हो."

आईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आणि मी समजत होते, तुझ्या तब्येतीचंच काही आहे. धड जेवत नाहीस, घरभर येरझाऱ्या घालतेस. विचारलं की म्हणतेस, झालंच. मी काय समजायचं?"

"मला वाटलं, तुला काळजी नको."

"वेडी आहेस."

नव्वद. त्र्याऐंशी. आईने डोळे मिटले.

"अजून किती वेळ पडायचंय?"

"दहा मिनिटं."

"मग बस इथेच."

आकडा शहात्तरवर आला. आणि या वेळी ती खोलीतच होती.