तो ‘उघड’ म्हणत होता

मी एका झोपडीची ताटी, म्हणजे कुडाचं दार, बोलतेय. घरधनी नवशाने मला स्वतःच्या हातांनी विणलं, कारवीच्या काठ्या आणि बांबूच्या कामट्या घेऊन. फटी शेणमातीने बुजवल्या आणि खोडाळ्याच्या पाहुण्यांसमोर मला थोपटत म्हणाला, "हिच्यातून वारापन नाय यायचा." केवढी फुगले होते मी! आज ते आठवलं की लाज वाटते.

पौषात एका सकाळी नवशा चुलीपुढे कोसळला. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं. शेजारी म्हणाले, "अंगावरून वारा गेला." झालं! त्याची बायको जिजा, तिने तो शब्दच खरा धरला. पुन्हा वारा लागू नये म्हणून मला लावून आतून दोरीने बांधून टाकलं. मीही इमानाने घट्ट बसले.

नवशा अंधारात पडून माझ्याकडे बघायचा. जीभ जड झालेली. कसंबसं म्हणायचा, "घड... घड." जिजाला वाटायचं, गोधडी मागतोय. "हीव लागतंय का?" म्हणत ती बिचारी आणखी एक गोधडी घालायची. तो डोळे मिटून घ्यायचा.

त्याला ‘उघड’ म्हणायचं होतं. मला कळत होतं. मी दोरी जरा सैल सोडली असती तरी चाललं असतं. पण मला माझ्या घट्टपणाचा भारी अभिमान! असे दोन-अडीच महिने गेले. त्याची बोटं मुठीतच आखडली.

होळीला त्यांचा मुलगा तुळशीदास बाहेरगावच्या कामावरून परतला. बापाला बघून तसाच धावत गेला आणि गावच्या आशा सेविका जयश्रीताईंना घेऊन आला. त्यांनी आधी मला सताड उघडलं. मग जिजाला म्हणाल्या,

"काकी, हा बाहेरचा वारा नाही. यात डोक्यातली रक्ताची नळी तुंबते किंवा फुटते. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं होतं. आता तरी रोज हातपाय हलवायला हवेत."

नवशा उजेडाकडे बघून रडला. जिजा एकेक गोधडी काढत पुटपुटली, "मी नुसती पांघरतच रायले."

आता जव्हारच्या दवाखान्यात शिकवलेला व्यायाम चालू आहे. नवशा मला धरून उभा राहतो, अंगणात सात पावलं जातो. उजवी बोटं मात्र उघडत नाहीत. मला विणणारी बोटं ती!

कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर दार लावू नका हो. लगेच गाडी बोलवा.

माझी एक कामटी सुटलीय. नवशा डाव्या हाताने ती बांधू बघतोय. नको रे बांधू, नवशा. तिथून थोडा वारा येऊ दे.